घरमालकाच्या बाजूनं

चिठ्ठ्या अरफानं उचलल्या, कारण माझा हात या बाबतीत करंटा आहे हे आख्ख्या वर्गाला ठाऊक आहे. दोनच चिठ्ठ्या होत्या. तिनं तिची उघडली आणि म्हणाली, “भाडेकरू.” म्हणजे मला उरला घरमालक. तरी तिनं माझीही उघडून सगळ्यांना दाखवली, नियम म्हणजे नियम.

वर्गात एकदम चिडीचूप झालं. कुणी पेनाचं टोपण लावलं, कुणी काढलं. आमच्या सुलेखा मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. मला त्या शांततेचा असा राग आला म्हणून सांगू!

आता हे प्रकरण काय, ते आधी सांगते. मी मोनाली खरात, गाव पाचोड, सध्या मुक्काम छत्रपती संभाजीनगर, मुलींचं वसतिगृह. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय कायदा सगळ्यांनाच असतो, पण युरोपियन संघाचा कायदा हा ऐच्छिक पेपर घेणारे आम्ही मोजकेच. बाकीचे हसतात. “काय गं, वैजापूरच्या तहसीलमध्ये लक्झेंबर्गचा निवाडा दाखवणार का?” मी म्हणते, दाखवीन, आणि तहसीलदारांना चहा पाजून समजावूनही सांगीन. सत्तावीस देश एकमेकांशी भांडायचं सोडून लक्झेंबर्गमधल्या एका कोर्टापुढं उभे राहतात आणि ते कोर्ट सरकारांचे कान धरतं, हे मला फार आवडतं. काही मुलींना दागिने आवडतात.

या पेपराची एक लुटुपुटीची कोर्टकेस होते दरवर्षी. मॅडम एक कल्पित प्रकरण लिहितात, फेऱ्या होतात, शेवटी दोघं उरतात. यंदा उरलो मी आणि अरफा. अरफा माझी जिवाची मैत्रीण, तिच्या अब्बांचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. जिंकणाऱ्याला उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जागा मिळणार होती, जाण्यायेण्याच्या खर्चासकट. मला ती जागा हवी होती. अरफालाही हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही.

यंदाचं प्रकरण असं. युरोपातला एक देश, नाव काल्पनिक. तिथं एक भारतीय इंजिनिअर भाड्यानं घर शोधतोय. घरमालकही मूळचा भारतीय. तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, आणि जात लक्षात आल्यावर घर नाकारतो. पोरगा कोर्टात जातो. युरोपियन संघाचा एक कायदा आहे, वंश किंवा वांशिक मूळ बघून कुणाला घर नाकारता येत नाही असं सांगणारा. त्यात ‘जात’ हा शब्द मात्र नाही. मग प्रश्न असा की जात या ‘वांशिक मूळ’मध्ये बसते का? अरफानं म्हणायचं होतं, बसते. मी म्हणायचं होतं, बसत नाही, आणि त्या पोराला हात हलवत परत पाठवायचं होतं.

वर्ग चिडीचूप झाला तो यामुळं. आम्ही बौद्ध. वर्गात जातीचा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडं वळतात. मॅडम बेल्जियमबद्दल बोलत असल्या तरी वळतात. आणि आता त्याच माना खाली गेल्या होत्या. मला तर वळलेल्या बऱ्या वाटल्या.

तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. मॅडम मनानं चांगल्या आहेत, आणि चांगल्या माणसांशी भांडणं सगळ्यात अवघड.

“मोनाली, बाजू बदलून देते. अरफाची हरकत नाही, मी विचारलंय तिला.”

“कशासाठी मॅडम?”

“अगं, तुला त्या बाजूनं बोलायला लावणं… बरं नाही वाटत.”

“वर्गातला पाठक खुनी माणसाच्या बाजूनं बोलला होता मागच्या सेमिस्टरला. त्याला विचारलं होतं का, बरं वाटतंय का म्हणून?”

मॅडमनी हजेरीपट मिटला. मीही जरा नरमले, पण शब्द मागं घेतला नाही. मी म्हणाले, “मॅडम, मी भाडेकरूकडून उभी राहिले तर मी वकील नसणार, पुरावा असणार. लोक माझ्याकडं बघून डोळे पुसतील आणि मार्क देतील. मला तसली जागा नको. चिठ्ठी निघाली ती निघाली.”

बाहेर अरफा स्कूटी चालू करून उभी होती. “क्या बोली?”

“मी बाजू बदलायला नाही म्हणाले.”

“मालूम था. पण ऐक, मी तुला सोडणार नाही हां. दोस्ती कोर्टाच्या बाहेर.”

“सोडलंस तर तुझ्या अब्बांच्या दुकानात येऊन कापडाची सगळी थानं उलगडून ठेवीन.”

त्या दिवशी आईचा फोन आला. तिकडं कुकरच्या शिट्ट्या, इकडं मेसची घंटा. तिनं विचारलं, केस कशाची? मी म्हणाले, एका आपल्या पोराला खोली नाकारली त्याची. पुढचं सांगणार तोवर तिची भाजी लागली आणि फोन ठेवला गेला. आईनं घरात जाहीर केलं की मोनी आपल्या माणसाची केस लढणार आहे. आमच्या घरात एकदा जाहीर झालं की ते गॅझेटमध्ये छापल्यासारखं असतं.

तयारी मात्र जमेना. कायदा माझ्या बाजूनं होता, त्याची अडचण नव्हती. लक्झेंबर्गच्या कोर्टानं आधी म्हणून ठेवलंय की यादीत जे नाही ते आपल्या मनानं घुसवता येत नाही. डेन्मार्कमध्ये मुलं सांभाळणारा एक माणूस होता, त्याला कामावरून काढलं. तो म्हणाला, मी जाड आहे म्हणून काढलं. कोर्ट म्हणालं, जाडी यादीत नाही. संपलं. मी हे सगळं घडाघडा बोलून दाखवायचे आणि मॅडम म्हणायच्या, “बरोबर आहे सगळं, पण तू नुसतं ओठांतून बोलतेस. पोटातून येत नाही.”

कुठून येणार? पोट त्या पोराकडं होतं.

एका रविवारी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता मला माझं तिसरीतलं भाषण आठवलं. आमच्याकडं चौदा एप्रिलला विहारात पोरांची भाषणं होतात. ज्याला बोलता येतं तो बोलतो आणि ज्याला येत नाही त्यालाही स्टुलावर उभं करतात. माझी भाषणं बसवायचे मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, साहेबराव खरात. पंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर नोकरी केली त्यांनी, पण खरा जीव भाषणं बसवण्यात. त्या भाषणात त्यांचं एक वाक्य होतं आणि तिथं हात वर करायचा असायचा: ‘जात रक्तात नसते. रक्त एकच हाय, भिंत मागाहून बांधली.’

ओली ओढणी हातात तशीच धरून मी उभी राहिले. अरे, हेच तर! अरफा कोर्टाला काय सांगणार? की जात म्हणजे वांशिक मूळ. म्हणजे ह्या पोराचा वंश वेगळा, घरमालकाचा वेगळा. आम्ही दोन निराळ्या जातकुळीची जनावरं आहोत, यावर युरोपातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाचा शिक्का! जे आमच्या विहारात तिसरीतलं पोरगं खोडून काढतं, ते लक्झेंबर्गनं खरं ठरवायचं? त्या क्षणापासून मी घरमालकाची वकील पोटातून झाले. घरमालक मला तेव्हाही आवडला नव्हता. तो नीच माणूस होता. पण त्याची बाजू माझी होती.

स्पर्धेच्या दिवशी मी आणि अरफा पांढरा शर्ट, काळा कोट, गळ्यात वकिलांचा पांढरा बँड अशा सजून कॉलेजच्या सभागृहात बसलो होतो. परीक्षक तिघं. मध्ये निवृत्त न्यायाधीश देशमुख साहेब, दोन्ही बाजूंना हायकोर्टातले वकील. सगळं इंग्रजीतून चालणार होतं. तेवढ्यात मागच्या दारातून गलका आला आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली.

पाचोडहून क्रूझर गाडी भरून माणसं आली होती. पुढं मोठेबाबा, पांढरा सदरा, खांद्यावर घडी घातलेली निळी शाल. मागं त्यांची बायको कडूबाई, म्हणजे माझी मोठीआई, आणि तिच्यामागं विहारातले अर्धे लोक. मोठीआईनं मला बघून मोठ्यांदा विचारलं, “मोने, जज्ज कोन्ता गं?” देशमुख साहेबांनी स्वतःच हात वर केला.

माणसं मागच्या दोन रांगा भरून बसली. देशमुख साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं, मग शेजारच्या परीक्षकांच्या कानात काही बोलले. आणि माईक ओढून म्हणाले, “लक्झेंबर्गच्या कोर्टात चोवीस भाषा चालतात. मग मराठीनं काय घोडं मारलंय? पाहुणे लांबून आलेत. दोन्ही वकिलांची हरकत नसेल तर युक्तिवाद मराठीतून होऊ द्या. हरकत असेल तर स्पष्ट सांगा, राग नाही.”

अरफा लगेच म्हणाली, “हरकत नाही.” ती मराठी शाळेतली, तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.

आता सगळे माझ्याकडं बघत होते. मी खरं सांगते, इंग्रजीची मला त्या क्षणी फार गरज होती. इंग्रजीत मी घरमालकाला कितीही उचलून धरला असता, मागच्या रांगांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. मोठेबाबा मला शाल घालून गावी घेऊन गेले असते आणि कुणाला कधी पत्ता लागला नसता. एक ‘हरकत आहे’ म्हटलं की काम भागत होतं. पण ज्या युक्तिवादाला आपल्याच माणसांसमोर तोंड दाखवता येत नाही, तो कसला पोटातला?

“हरकत नाही,” मी म्हणाले.

अरफा आधी उभी राहिली. काय बोलली पोरगी! तिनं बल्गेरियातल्या एका गावची गोष्ट सांगितली. तिथं रोमा या तिकडच्या हिणवल्या गेलेल्या समाजाच्या वस्तीत वीज कंपनीनं मीटर खांबावर दोन माणसांपेक्षा उंच टांगले, का तर हे लोक चोर. बाकी गावात मीटर हाताशी. तक्रार केली ती तिथल्या एका दुकानदारीणबाईनं, आणि ती स्वतः रोमा नव्हतीच. तरी कोर्ट म्हणालं, वस्तीकडं बघून वागवलंत ना, मग हा भेदभाव वांशिक मुळावरूनच. “साहेब, त्या वस्तीला ते लोक ‘महाला’ म्हणतात,” अरफा म्हणाली. “आमच्याकडं मोहल्ला म्हणतात. माणूस कोणत्या घरात जन्मला यावरून त्याला दारातून परत पाठवायचं, आणि मग म्हणायचं की यादीत शब्द नाही? शब्द नसला तरी जखम तीच आहे.”

मागच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. मोठेबाबांनी तर मान डोलावली. त्यांना वाटलं असणार, ही मोनीची जोडीदारीण. मग माझं नाव पुकारलं गेलं.

“मी मोनाली खरात. मी घरमालकाच्या बाजूनं उभी आहे.”

“काय म्हनली ही?” मोठीआईचा आवाज. कुणीतरी तिला गप्प केलं. मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर बसलेच असते.

“घरमालक वाईट वागला, हे मी नाकारत नाही,” मी म्हणाले. “पण कोर्टापुढं प्रश्न तो वाईट आहे का हा नाही. हा कायदा त्याला लागू होतो का, हा आहे.” मग यादीचा मुद्दा मांडला, डेन्मार्कच्या जाड्या माणसाचा निवाडा सांगितला. त्यावर मागं थोडं हसू फुटलं. देशमुख साहेब हसले नाहीत.

“वकीलबाई,” ते म्हणाले, “अरफा यांचं म्हणणं, शब्दापेक्षा जखम बघा. तुम्ही जखम बघत नाही का?”

“बघते, साहेब. म्हणूनच चुकीचं औषध नको म्हणते. या पोराला घर मिळवून द्यायला कोर्टाला आधी काय म्हणावं लागेल? की याचा वंश वेगळा आहे. ज्यानं घर नाकारलं त्याचंही नेमकं तेच म्हणणं आहे! त्याचीच समजूत तुम्ही निवाड्यात लिहून द्यायची? जात रक्तात नसते, साहेब. रक्त एकच आहे, भिंत मागाहून बांधली. भिंत पाडायची तर तिला भिंत म्हणावं लागतं. तिला रक्त म्हणून पाडता येत नाही.”

मागं कुणाचा तरी श्वास ऐकू आला इतकं सभागृह शांत होतं. आणि ही शांतता मला आवडली.

डावीकडच्या वकीलसाहेबांनी विचारलं, “ठीक. तुमचं ऐकलं. आज संध्याकाळी हा मुलगा कुठं जाईल?”

या प्रश्नाची तयारी मी केली होती, आणि तरी तो लागला. “या कोर्टातून त्याला काही मिळणार नाही, साहेब. हे मला गोड करून सांगता येत नाही. माझी विनंती एवढीच, की नाही म्हणताना कोर्टानं मोठ्यानं म्हणावं. कायद्यात या माणसासाठी जागा नाही, ती करणं कायदे करणाऱ्यांचं काम आहे, आणि ते त्यांनी केलेलं नाही, असं नावानिशी लिहावं. उसन्या शब्दाखाली झाकलं तर ही उणीव कधीच कुणाला दिसणार नाही.”

निकाल ठरवायला परीक्षक आत गेले, ते बराच वेळ आले नाहीत. आल्यावर देशमुख साहेब म्हणाले, कायद्याच्या प्रश्नावर आम्हा तिघांचंही एकमत झालेलं नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे खऱ्या कोर्टापुढंही हा प्रश्न अजून आलेला नाही. पण आज आम्ही कायदा नाही, वकील तोलत होतो. आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

अरफानं मला अशी मिठी मारली की बँड सुटला. “कमीनी,” ती कानात म्हणाली, “मला पण पटलं गं शेवटी.” ती रडत होती आणि हसतही होती. मला जिंकल्याचा आनंद झाला, पोटभर झाला. पण मागच्या रांगांत एकही टाळी वाजली नव्हती.

बाहेर क्रूझरजवळ सगळे उभे होते. मोठीआईनं पुढं येऊन माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. “जितली म्हंजे जितली. कोनाकडून का आसंना!” बाकीचे इकडंतिकडं बघत होते. मोठेबाबा माझ्याजवळून तसेच पुढं गेले आणि त्यांनी खांद्यावरची शाल उलगडून अरफाच्या खांद्यांवर घातली.

“तू आपल्या मानसासाठी बोलली, बाई,” ते म्हणाले.

अरफानं माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तिनं वाकून सलाम केला. मी हनुवटी वर ठेवली. शाल तिचीच होती.

मग मोठेबाबा माझ्याकडं वळले. “मपलं वाक्य तू त्या घरमालकाला देलं.”

“हो.”

“कामून?”

“खरं आहे म्हणून. आणि ते त्याला दिलं नाही, मोठेबाबा. त्याच्या बाजूनं उभं राहून त्याच्या विरुद्ध वापरलं.”

मोठेबाबा म्हणाले, “त्या पोराला काय भेटलं?”

“काही नाही. पण तो पोरगा खरा नाहीये हो. मॅडमनी कागदावर तयार केलेला आहे.”

“कोन म्हनलं?” मोठेबाबांचा आवाज चढला नाही. “मी नोकरीला लागायच्या आधी हितं कंपनीत काम भेटलं व्हतं. खोली बघाया गेल्तो एका कॉलनीत. आडनावावरून त्या मानसाला उमजंना. मंग त्यानं इचारलं, गावात तुमचं घर कोन्या अंगाला हाय? मी खरं तेच सांगितलं. त्यो म्हनला, खोली कालच गेली.”

मोठीआई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनंही हे कधी ऐकलं नव्हतं.

“मी काम सोडून माघारी गावाला आलो. आन् तव्हापासून त्याला मनात लई येळा कोर्टात नेलं. मपली बाजू मला तोंडपाठ हाय. पर त्याचा वकील काय बोलंल, ते मला कधी सुचलंच नाय. आज आइकलं.” त्यांनी माझा सुटलेला बँड नीट केला, स्टुलावर उभं करताना माझी कॉलर नीट करायचे तसा. “लई चांगली बोलली तू. मी हारलो आसतो. कामून हारलो आसतो, ते बी कळलं.”

मी त्यांचा हात धरला.

“जा तिकडं,” ते म्हणाले. “कायदा कसा करत्यात, कसा बदलत्यात, समदं शिकून घी. पर येताना त्या पोराची खोली घिऊन ये.”

वकिलानं पक्षकाराला निकालाची हमी कधी द्यायची नसते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी दिली.